जुना ध्वनिसंच आणि मजुरीचा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून विद्वान मंडळींनी मोठमोठे विषय मांडले आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या दाराशी उभे राहून. तेव्हा आपल्या आवाक्यातला लहानसा विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. गाणी ऐकण्याचा हाय-फाय संच जुना झाला, तर तो दुरुस्त करावा की टाकून देऊन नवा घ्यावा? विषय ऐकून कार्यवाहांनी विचारले, "यात कामगार चळवळ कुठे आली?" आम्ही म्हणालो, येईल, थोडा धीर धरा.

प्रथम त्या संचाची हकीकत सांगतो. गिरणगावात आमच्या गावची एक खोली होती. तीत दाटीवाटीने राहणाऱ्या चाकरमान्यांनी १९७९ साली वर्गणी काढून गावच्या वाचनालयासाठी एक रेकॉर्ड प्लेअर, एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकरच्या पेट्या घेतल्या. शिमग्याला येताना एस. टी.च्या टपावर गोधड्यांत गुंडाळून हे सामान गावी आले. आम्ही तेव्हा लहान होतो. पेटीला हात लावला म्हणून खाल्लेली चापट अजून आठवते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. वर्गणी देणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. माणसे गावी परतली, काही परतलीच नाहीत. पेट्या मात्र राहिल्या. आखातातून आलेल्या एका गृहस्थाने कॅसेट डेकची भर घातली. वाचनालय बंद पडल्यावर सगळा संच आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत आला. आता आम्ही 'आम्ही' म्हणतो तेव्हा आमची ही कार्यकारिणीही त्यात धरावी, कारण पुढील चूक एकट्याची नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात हा संच बिघडला. एक पेटी मुकी झाली, दुसरीतून अखंड घूं असा आवाज येऊ लागला, आणि कॅसेट लावली तर गाणारी बाई झोपेत गाते आहे असे वाटे. त्याच आठवड्यात काजू कारखान्यातल्या बायांची बैठक होती. आमच्याजवळ चौदा कॅसेटी आहेत. जुन्या सभा, या बायांच्या आयांनी म्हटलेल्या फुगड्यांची गाणी, आणि संपात होरपळलेल्या एका म्हाताऱ्याचे दीड तासाचे बोलणे. तो म्हातारा आज नाही. त्याचा आवाज त्या फितीवरच काय तो उरला आहे. बायांना तो ऐकवायचा होता, तो ऐकवता आला नाही.

कार्यकारिणीत दोन पक्ष पडले. तरुणांचे म्हणणे असे की कॅसेटी कोणाकडून तरी संगणकावर उतरवून घ्या आणि हे लाकूडसामान काढून टाका. यातला पहिला अर्धा सल्ला अगदी रास्त होता. फीत कायमची टिकत नाही. बुरशी चढते, चिकटते. आम्ही तो सल्ला पुढे अमलात आणला. परंतु उतरवून घ्यावयाचे म्हणजे आधी ती फीत नीट वाजविणारे यंत्र हवेच! दुसऱ्या अर्ध्यासाठी आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने संच पाहिलाही नाही. चौदा हजारांचा नवा दाखविला आणि जुन्याचे भंगारात तीनशे देऊ केले. "याचे पार्ट मिळत नाहीत," असे त्याने शपथेवर सांगितले. झाकणाचा एक स्क्रूही न काढता!

येथे पहिला धडा मिळाला. 'संच बिघडला' हे वाक्यच चुकीचे आहे. संच बिघडत नाही. त्यातला एखादा भाग बिघडतो. कोणता, हे कळेपर्यंत दुरुस्ती की नवा हा प्रश्न विचारूच नये. डॉक्टरने नाडी पाहण्याआधी तिरडी बांधू नये, तसेच हे.

शेवटी बाजारपेठेच्या गल्लीत एक मेकॅनिक आहे, त्याने झाकण उघडले. त्याने जे दाखविले ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून सांगतो. आपण समुद्राकाठी राहतो. वाऱ्याबरोबर येणाऱ्या मिठाचा पातळ थर प्रत्येक वस्तूवर बसतो. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. मालवणचा पावसाळा म्हणजे काय ते तुम्हांस सांगावयास नको. असे ओले मीठ तांब्याच्या रेषांवर बसले की त्या हिरव्या पडतात आणि हळूहळू तुटतात. मुकी पेटी मुकी होण्याचे कारण एवढेच. पेटीत दोष नव्हताच, तिच्याकडे जाणारी वाट कुजली होती. घूं आवाजाचे कारण वेगळे. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. अँप्लिफायर तिला एकदिश करतो तेव्हा तीत सेकंदाला शंभर हेलकावे उरतात. ते शमविण्याचे काम मोठ्या कंडेन्सरांचे. त्यांच्या पोटातला ओला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. मग हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोचतात. डेकमधला रबरी पट्टा सैल झाला होता, म्हणून बाई झोपेत गात होती. एका स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कड भुगा होऊन गेली होती. हे चारही भाग झिजण्यासाठीच केलेले असतात, चपलेच्या तळासारखे. उलट ट्रान्सफॉर्मर, लाकडी पेट्या, स्पीकरचे लोहचुंबक हे सारे जसेच्या तसे होते.

रेकॉर्ड प्लेअरचे मात्र वेगळे निघाले. त्याच्या मोटारीचे वेटोळे जळले होते आणि तशी मोटार कोठे मिळेना. मेकॅनिकने सरळ सांगितले, याच्यात पैसे घालू नका. जुन्याच्या प्रेमापायी मेलेल्याला औषध पाजणे हे काही शहाणपण नव्हे. विजेच्या यंत्रात तर ते धोक्याचेही असते. जीर्ण दोरी आणि उघडी तार घरात ठेवून कोणी संस्कृती राखत नाही. आम्ही तो प्लेअर सोडला. बाकीच्यांचा त्याने हिशेब दिला. लॅमिंग्टन रोडवरून मागवायचे भाग एकोणीसशे रुपये, मजुरी सव्वीसशे. एकूण साडेचार हजार.

आता आमची चूक सांगतो. एकोणीसशेला कोणी हूं की चूं केले नाही. सव्वीसशे ऐकताच मात्र आमच्यातला प्रत्येक जण वाटाघाटीच्या मेजावर बसल्यासारखा पुढे सरला. कोणी म्हणाले, पंधराशे घे. कोणी म्हणाले, संघटनेचे काम आहे, गरिबांचे काम आहे. आम्ही स्वतः म्हणालो, "बसल्या जागचे तर काम!" तो मनुष्य थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पार्टाच्या पैशाक तुमी काय बोललास नाय. मग माझ्या मजुरीचेच पैसे कित्याक कापतास?"

मंडळी, तीस वर्षे आम्ही मालकांच्या दारात हाच प्रश्न विचारीत आलो. काजूचा भाव वाढला तर तुम्ही कुरकुरत नाही. काजू सोलणाऱ्या बाईचे दोन रुपये वाढवायचे म्हटले की तुमचा हिशेब का कोलमडतो? आणि त्या दिवशी तोच प्रश्न समोरच्या बाजूने आला, आणि मालकाच्या खुर्चीत आम्ही बसलेलो होतो. काम तीन दिवसांचे होते. दिवसाला नऊशेसुद्धा पडत नव्हते. तेवढ्यातच दुकानाचे भाडे, वीज आणि डोळ्यांचा चष्मा. आम्ही पुरे सव्वीसशे दिले. क्षमा मागितली असे सांगण्याची इच्छा आहे, पण खरे तर नीट मागताही आली नाही.

या गोष्टीवर पुढे पुष्कळ विचार केला. दुरुस्तीत मजुरी डोळ्यांपुढे उभी असते, तिला चेहरा असतो, म्हणून आपण तिच्याशी घासाघीस करतो. नव्या वस्तूच्या किमतीतही मजुरी असतेच. परंतु ती दूर कोठल्या तरी कारखान्यात, न दिसणाऱ्या हातांची असते, आणि छापील किंमत आपण मान खाली घालून देतो. 'दुरुस्तीला इतके पैसे घालण्यापेक्षा नवा बरा' हे वाक्य आपण हिशेबाचे समजतो. बहुधा ते दिसणाऱ्या माणसाला कमी लेखण्याचे वाक्य असते. असे दहा वर्षे चालले की मेकॅनिक दुकान बंद करतो, त्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरी धरतो, आणि मग आपणच म्हणतो, हल्ली दुरुस्त करणारा मिळतच नाही हो!

दोष सगळा गिऱ्हाइकाचा आहे असे नव्हे. झाकणे चिकटवून टाकलेली, आराखडे लपविलेले, सुटे भाग न विकलेले, अशी यंत्रे आज बाजारात ढीगभर आहेत. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, ती किती दुरुस्त होऊ शकते याचे दहांपैकी गुण छापणे सक्तीचे केले. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर माहितीचे संकेतस्थळ काढले. विद्युत कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; त्यांनी कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. हे चांगले आहे. पण वस्तू कचरा झाल्यानंतरचा विचार आणि ती कचरा होऊ न देण्याचा विचार यांत अंतर आहे. ते अंतर कायदा एकटा भरून काढणार नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. कोणताही संच टाकण्याआधी चार प्रश्न विचारावेत. नेमका कोणता भाग गेला? तो भाग मिळतो का? दुरुस्तीनंतर यंत्र निर्धोक राहील का? आणि ते करणारा हात आपल्या गावात आहे का? पहिल्या तिहींपैकी एकाचेही उत्तर वाईट आले तर खुशाल नवे घ्या. त्यात कमीपणा नाही. आम्हीही प्लेअर नवाच घेतला. परंतु चौथ्याचे उत्तर आपण स्वतः ठरवीत असतो, प्रत्येक वेळी मजुरी देताना.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गाणे ऐकावयास नुसते यंत्र पुरत नाही, मोकळा दिवसही लागतो. तो दिवस ज्यांनी मिळविला त्यांच्या वारसांनी वर्गणीतून हा संच घेतला होता. गेल्या मार्गशीर्षात काजू कारखान्यातल्या बायांनी त्यावर आपल्या आयांची गाणी ऐकली. एकीने आईचा आवाज ओळखला आणि पदर डोळ्यांना लावला. म्हाताऱ्याचे बोलणे आम्ही त्यानंतर लावले.

आता वैशाख संपत आला. मिरग यायच्या आत आपापल्या माळ्यावरचे संच खाली काढा, धूळ पुसा, आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी थोडा वेळ चालवा. आतली ऊब दमटपणा दूर ठेवते. बिघडलेला असेल तर गल्लीतल्या माणसाकडे न्या. मजुरी आधी विचारून घ्या, तो आपला हक्क आहे. पण ऐकल्यावर क्षणभर थांबा, आणि आपण टेबलाच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत ते एकदा पाहून घ्या.