गॉर्डन हॉल यांची उमेदवारी
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



या मेळाव्यात आम्ही दरवर्षी जमाखर्चाचे निवेदन करीत असतो. ते अहवालात अन्यत्र छापलेले आहेच. यंदा त्यातील एकाच बाबीविषयी बोलण्याची अनुमती विश्वस्तांनी दिली आहे. आपल्याकडे परप्रांतातून रुजू होणाऱ्या परिचारिकांना व डॉक्टरांना पहिले सहा आठवडे रोज दोन तास मराठी शिकण्यासाठी मोकळे ठेवले जाते आणि त्या वेळेचा पगार संस्था देते. एका हितचिंतक देणगीदारांनी आम्हाला विचारले, की एवढ्या रकमेत एखादे उपकरण आले असते, मग हा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत देता येत नाही, म्हणून दोनशे वर्षांपूर्वीच्या एका तरुण मिशनऱ्याची हकिगत सांगतो.

गॉर्डन हॉल यांचा जन्म १७८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टोलंड या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. विल्यम्स कॉलेजातून १८०८ साली पदवी घेतल्यावर अँडोव्हर येथे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. परदेशी जाण्याचे ठरल्यावर ते व त्यांचे सोबती सॅम्युएल न्यूएल फिलाडेल्फियाला राहिले आणि तेथे त्यांनी वैद्यकाची व्याख्याने ऐकली. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या माणसाने ज्वर आणि जखमा यांचीही शिकवणी घ्यावी, हे आम्हाला विशेष वाटते. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम येथे त्यांना दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात ते जहाजावर चढले.

कलकत्त्यास उतरताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम केला. हॉल आणि सॅम्युएल नॉट कसेबसे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. तेथेही इंग्लंडला रवानगी करण्याचा आदेश त्यांच्या मागोमाग आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे हॉल यांनी अर्जांमागून अर्ज केले. उद्या जहाजावर बसवतील की परवा, हे ठाऊक नसताना हा माणूस मराठीची बाराखडी गिरवीत होता. राहण्याची परवानगी मिळेल मग शिकू, असे त्याने म्हटले नाही.

शिकण्याची साधने तरी काय होती! विल्यम कॅरी यांनी श्रीरामपुराहून १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश काढला होता. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले. मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. तो हॉल यांना पाहायलाही मिळाला नाही. उरले ते पंडित, आणि मुंबईचे रस्ते. पंडिताजवळ बसून शुद्ध भाषा शिकावी आणि बाजारात, देवळांच्या आवारात, पाणवठ्यावर ती लोकांच्या कानावर घालून पाहावी, असा तो क्रम. थोड्याच वर्षांत ते मराठीत सफाईने बोलू लागले. पुढे शाळा निघाल्या, छापखाना आला, आणि बायबलच्या नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ साली छापून पुरे झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हॉल मराठी शिकले ते आपल्या धर्माचा प्रसार करण्यासाठी. आपल्या लोकांच्या श्रद्धांविषयी त्यांची मते कठोर होती आणि ती आम्हाला मान्य नाहीत. त्यांच्या हयातीत त्यांचा धर्म स्वीकारणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. त्याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे करावा. आम्ही त्यांच्याकडे पाहतो ते एक उमेदवार म्हणून, परमुलुखात येऊन तेथील माणसाचे बोलणे आधी कानात साठवणारा उमेदवार म्हणून.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध नंतरचा. त्यांच्या मिशनची मंडळी डिसेंबर १८३१ मध्ये अहमदनगरला आली. पुढे त्याच मिशनचे सॅम्युएल फेअरबँक आपल्या या रस्त्यावरच्या वडाळ्यास येऊन राहिले. घोडेगावहून वडाळ्यावरून नेवाशाकडे जाताना आपल्याला सहसा ज्ञानेश्वरीची आठवण होते, आणि ती व्हावीच. परंतु त्याच वाटेवर कधी काळी परदेशी माणसेही मराठीचे उच्चार घोटीत हिंडत होती, हे फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही.

१८२५ साली हॉल यांनी पत्नीला व दोन लहान मुलांना प्रकृतीच्या कारणाने अमेरिकेस पाठविले. त्यांतला एक मुलगा प्रवासातच वारला. स्वतः हॉल मागे राहिले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिककडे गेले, तेव्हा तेथे पटकीची साथ भडकली होती. जवळची पुस्तके त्यांनी वाटली, आणि औषधेही आजाऱ्यांना देऊन जवळजवळ संपविली. परतीच्या वाटेवर एका खेड्यातील देवळात मुक्कामास असताना त्यांना स्वतःलाच पटकी झाली आणि २० मार्च १८२६ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सोबतच्या मुलांनी त्यांना तेथेच पुरले. फिलाडेल्फियात एकत्र शिकलेले न्यूएल १८२१ सालीच पटकीने गेले होते.

त्या काळच्या वैद्यकापाशी पटकीवर खरा उपाय नव्हता. तो सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी तोंडावाटे देऊन असंख्य प्राण वाचविले. आज ती पुडी कोणत्याही दुकानात मिळते. मात्र ही पुडी आईच्या हाती नुसती देऊन भागत नाही. किती पाण्यात कालवायची, लेकराने ओकले तरी जरा थांबून पुन्हा चमच्याचमच्याने कसे पाजायचे, डोळे खोल गेले तर तडक इकडे कसे यायचे, हे तिला तिच्या बोलीत सांगावे लागते. ते तिला समजले नाही, तर पुडी फडताळात तशीच राहते.

आता आपल्या वॉर्डात या. कांदा मार्केटला आलेला हमाल असो, उसाच्या फडावरची बाई असो, शिंगणापूरच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू असो, कोणीही पुस्तकातल्या भाषेत दुखणे सांगत नाही. 'अंगावरून जातंय' असे बाई हळूच म्हणते, तेव्हा तिची तक्रार स्त्रीरोगाची असते. 'अंगावरून वारं गेलं' असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा तो अर्धांगवायू असतो आणि एकेक मिनिट मोलाचे असते. दोन्हींत शब्द जवळजवळ तेच. 'डोळे आलेत', 'पोट चाललंय', 'परसाकडं साफ होत नाही' यांचे शब्दशः भाषांतर करून पाहा. एक्स-रेच्या खोलीबाहेर उभी असलेली सून 'दिवस गेलेत' म्हणाली आणि नव्या सिस्टरने त्याचा अर्थ नुसता 'बरेच दिवस झाले' असा घेतला, तर काय ओढवेल, हे येथे बसलेल्या डॉक्टरांना सांगायला नको. दुखण्याचे तर विचारूच नका. कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, मुरडा वेगळा. रुग्णाने यांतला कोणता शब्द वापरला, यावर अर्धे निदान उभे असते.

आमच्या वर्गाला पाठ्यपुस्तक आहे, पण खरे पंडित म्हणजे आपल्या वॉर्डातल्या मावशी. केरळहून आलेल्या मुली त्यांच्याजवळ बसतात आणि ऐकलेला प्रत्येक शब्द आपल्या लिपीत वहीत टिपतात. 'ळ' त्यांना आपल्यापेक्षा सहज येतो, 'च' मात्र 'चमचा'तला आणि 'चहा'तला वेगळा आहे हे पटायला आठवडा जातो. मावशींना शिकवण्याचा मोबदला म्हणून अल्प मानधन दिले जाते. लेखापरीक्षकांनी ते कोणत्या सदरात घालावे, असे विचारले. वाणिज्य शाखेचे आमचे शिक्षण येथे थोडे अपुरे पडले. शेवटी आम्ही ते 'रुग्णसेवा' या सदरात घातले, आणि ते तेथेच राहावे अशी विश्वस्तांना विनंती आहे.

उपकरणांची गरज आम्ही नाकारत नाही. त्यांची यादी अहवालाच्या शेवटी दिली आहे आणि तिच्यासाठी आपल्या देणगीची आम्हाला नितांत आवश्यकता आहे. मात्र हे दोन तास त्या यादीसाठी कापले जाऊ नयेत.

नवी तुकडी जून महिन्यात येईल. गावातील ज्या ज्येष्ठ मंडळींना दुपारी वेळ असेल, त्यांनी आठवड्यातून एखादा तास वर्गात येऊन बसावे. शिकवायचे काहीच नाही. आपल्याला काय काय दुखते, एवढेच आपल्या भाषेत सांगायचे आहे. नावे कार्यालयात नोंदवून घेतली जातील.