ब्रेंडाशी बोलून सांगते

आज एका जगावेगळ्या विनोदी सिनेमाची गोष्ट सांगते. नाव ‘बगदाद कॅफे’. जर्मन दिग्दर्शक पर्सी आडलॉन यांनी तो १९८७ साली काढला. नावात बगदाद असलं तरी गोष्ट घडते अमेरिकेत, मोहावीच्या वाळवंटातल्या एका हायवेवर.

यास्मिन ही जर्मनीहून नवऱ्याबरोबर फिरायला आलेली प्रौढ बाई. रस्त्यातच दोघांचं भांडण होतं. ती गाडीतून उतरते आणि बॅग ओढत एका कॅफेवर पोहोचते. खोलीत बॅग उघडते तर काय, आत सगळे नवऱ्याचे कपडे!

कॅफेची मालकीण ब्रेंडा. तिचाही नवरा भांडून नुकताच निघून गेलेला. कॉफीचं यंत्र बंद, घरात पोरं, एक तान्हं नातवंड आणि जिकडे तिकडे धूळ. यास्मिन एक दिवस तिचं ऑफिस न विचारताच झाडून-पुसून लख्ख करते. आभार राहिले बाजूला, ब्रेंडा भडकते! आपल्या स्वयंपाकघरातले डबे कुणी न विचारता हलवले, तर आपण तरी काय करू?

पुढे पोरांना यास्मिनचा लळा लागतो. तेही ब्रेंडाला खुपतं. स्वतःच्या पोरांशी जाऊन खेळ, असं ती ओरडते. यास्मिन हळूच सांगते, मला मूल नाही. ब्रेंडा वरमते. त्यांची मैत्री सुरू होते ती इथून.

मग यास्मिन जादूचे खेळ शिकते. ते बघायला ट्रकवाले थांबू लागतात. ओसाड कॅफे गजबजून जातं. तिथे राहणारा रूडी नावाचा म्हातारा चित्रकार तिची चित्रं काढता काढता तिच्या प्रेमात पडतो. शेवटी तो तिला लग्नाचं विचारतो. ती काय म्हणते? ब्रेंडाशी बोलून सांगते!

हसू येतं खरं, पण मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. लग्न झालं की आपल्या मैत्रिणी माहेरच्या गावी राहतात. चाळिशी उलटली की आपणच म्हणतो, आता कसली मैत्रीण! या दोघी मात्र त्याच वयात, भांडता भांडता एकमेकींच्या झाल्या. आणि बघा, यास्मिन परवानगी मागत नाही, सल्ला घेते. परवानगी वरच्याकडून घ्यायची असते, सल्ला बरोबरीच्या माणसाचा.

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज सगळं बोलतो. पुढच्या वेळी दहा मिनिटं आणखी बसा. जमिनीच्या कागदावर सही करायची आहे, लेकीचं लग्न ठरवायचं आहे, ऑपरेशन करायचं की नाही ठरत नाही. अशा वेळी तुम्ही आधी कोणत्या बाईशी बोलाल? प्रत्येकीनं एक नाव सांगा. जिला एकही नाव सुचणार नाही, तिच्याशेजारी त्या दिवशी तुम्ही बसा.