पदकाच्या कडेवरील नाव



आपल्या शाळांतून युद्धांचा इतिहास ज्या रीतीने शिकविला जातो, त्या रीतीने सन, सेनापती आणि तह यांची यादी विद्यार्थ्याच्या हाती पडते. परंतु युद्ध ज्याच्या अंगावरून गेले तो माणूस त्याला कोठेच भेटत नाही. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत ही उणीव मला फार खटकते. कारण त्या युद्धासाठी १० लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली, त्यांपैकी हजारो परतली नाहीत, आणि त्यांत सातारा-रत्नागिरीकडील शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने होती.

अपशिंगे या सातारा जिल्ह्यातील गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले. अशा कितीतरी गावांत सरकारने शिला बसविल्या. पण त्यांवर गावातून किती माणसे गेली आणि किती कामास आली, एवढाच मजकूर बहुधा आढळतो. बसऱ्याच्या भव्य स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली. या संख्येपासून नावापर्यंतचा प्रवास विद्यार्थ्याने स्वतः करावा, आणि शिक्षकाने त्याची साधने तेवढी जुळवून द्यावीत, हे माझे म्हणणे आहे.

त्या साधनांत मी अग्रस्थान देईन ते जुन्या ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या चांदीच्या युद्धपदकाला. मुलाची दृष्टी प्रथम पंचम जॉर्ज बादशहाच्या मुखवट्यावर जाते; परंतु पदक उभे धरून, उजेडात फिरवून त्याची कड वाचावयास लावली, म्हणजे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक ठशांत उमटलेली दिसू लागतात. समजा, तेथे ११७ वी मराठा पलटण निघाली, तर नकाशा उघडावा. कारण ही पलटण, १०३ व्या आणि ११० व्या मराठा पलटणींप्रमाणेच, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा येथे तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकली होती.

७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेला तो वेढा शिध्याच्या हिशेबावरूनच शिकवावा. रसद तुटली, पिठाचे प्रमाण उतरत उतरत अखेरीस दिवसाला चार-पाच औंसांवर आले, घोडे कापून खाण्याची पाळी आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेमुळे ते मांस दीर्घकाळ नाकारले. विमानांतून धान्याच्या गोण्या टाकण्याची तजवीज झाली, ती अपुरी पडली, आणि सैन्याने शरणागती पत्करली. वर्गात तराजू आणून सव्वाशे ग्रॅम पीठ मुलांकडून मोजवून घ्यावे आणि त्याच्या भाकरी किती होतील हे त्यांनाच विचारावे. पुस्तकातील दोन पाने जे सांगू शकत नाहीत ते त्या पारड्यात दिसेल.

पत्रांचा वापर याहून नाजूक आहे. फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी धाडलेली पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचीत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवून घेत. ते उतारे लंडनच्या दप्तरात आज उपलब्ध आहेत. अनेक शिपाई निरक्षर असल्यामुळे पत्र दुसऱ्याच्या हातचे असे, आणि ते तपासले जाणार हे ठाऊक असल्याने गोऱ्या व काळ्या फौजांचा उल्लेख लाल मिरची आणि काळी मिरी असा सांकेतिक शब्दांत होई. म्हणून कोणी लिहिले, कोणी वाचले, काय लपविले, हे प्रश्न मुलांनी पत्राला विचारलेच पाहिजेत. एरवी हृदयद्रावक म्हणून वाचून दाखविलेले पत्र केवळ डोळे ओले करून संपते.

पदकाचा अभिमान आणि पत्राची करुणा यांवर थांबणारा शिक्षक मुलांची वंचना करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे युद्ध कोणाचे होते, असे एखादे मूल विचारील. त्याला थोपवू नये. उलट जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी लोकमान्य टिळकांना बोलताना अडविले आणि लोकमान्य सभा सोडून निघून गेले, हा वृत्तान्त त्या पदकाशेजारी ठेवावा. आणि स्वराज्याची बाब काढल्यामुळे ज्यांचे भाषण तोडले गेले ते टिळक, आणि त्याच साम्राज्याच्या फौजेत पगारासाठी, घराण्याच्या परंपरेसाठी किंवा गावच्या पाटलाच्या शब्दाखातर भरती झालेला तो शिपाई, या दोघांविषयी मुलांना एकाच तासात बोलू द्यावे.