नाव, क्रमांक आणि शंका



पापनाशम नावाची दोन गावे तमिळनाडूत आहेत. एक हे आपले, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यानचे. दुसरे तिरुनेलवेली जिल्ह्यात, ताम्रपर्णीच्या काठचे. नुसत्या नावाने गावाचा बोध होत नाही, जिल्हा सांगावा लागतो, हे येथील रहिवाशांस आम्ही सांगावयास नको. आजचा आमचा विषय याच जातीचा आहे. आपल्या घरोघरची मुले आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या कामातील एक शिस्त आम्ही मंडळापुढे ठेवू इच्छितो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या नस्त्या हाताळण्यात गेले. तथापि नस्तीचे नाव व क्रमांक यांचे माहात्म्य आम्हांस ठाऊक असल्यामुळे हा विषय परका वाटला नाही.

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेला जीसीसी हा त्यांपैकी एक नामवंत. त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे, आणि देशोदेशींची माणसे, बहुधा एकमेकांचे तोंडही न पाहता, तीत दुरुस्त्या करीत असतात.

फाईल कोणत्या भाषेतील आहे हे हा कंपायलर तिच्या नावाच्या शेपटावरून ओळखतो. टिंबापुढे रोमन लिपीतील लहान सी असेल तर भाषा ‘सी’. तेच अक्षर मोठे असेल तर ‘सी प्लस प्लस’. परंतु विंडोजसारख्या प्रणालीत नावांतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद सामान्यतः मानला जात नाही. तेथे हा संकेत लटका पडतो. म्हणून जोडसी किंवा सीपीपी अशी निःसंदिग्ध शेपटे लावणे अधिक श्रेयस्कर ठरते. येथे आपल्या मोडीची आठवण होते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. जाणता वाचक संदर्भाने अर्थ लावतो. यंत्रापाशी संदर्भ कोठला?

जीसीसी मुळात सी भाषेत लिहिलेला होता. २०१२ साली त्याच्या घडणीत सी प्लस प्लसचा स्वीकार झाला. परंतु फाईलींची नावे पूर्वीचीच राहिली. नावात एक भाषा आणि पोटात दुसरी, असा प्रकार सुमारे दहा वर्षे चालला. जानेवारी २०२२ मध्ये त्या फाईलींस जोडसीचे शेपूट लावण्यात आले. नाव बदलणे क्षणाचे काम खरे. पण जुन्या दुरुस्त्या, जुन्या चर्चा आणि माणसांच्या सवयी जुन्या नावाशी बांधलेल्या असतात. जुने नाव कोणते होते याचा माग ठेवल्यावाचून नवे नाव देऊ नये, हा त्यातील धडा.

दुसरी गोष्ट दोषचर्चेची. तेथे दोषास बग म्हणतात, आणि प्रत्येक बगास क्रमांक मिळतो. ‘चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. आवृत्ती कोणती, यंत्र कोणते, आज्ञा काय दिली, हे सांगून दोष दाखविणारी फाईल जोडावी लागते. २००० साली नोंदलेला क्रमांक ३२३ फार गाजला. इंटेलच्या जुन्या धाटणीच्या गणनयंत्रणेत अपूर्णांकी संख्या ८० बिटांत ठेवली जाई, आणि तीच स्मृतीत ६४ बिटांत उतरे. परिणामी एकच संख्या स्वतःशी ताडून पाहता असमान निघू शके! दोष कंपायलरचा की यंत्राचा, यावर मतभेद झाले. तीच तक्रार अनेकांनी पुन्हा पुन्हा आणली आणि ती त्याच क्रमांकास जोडली गेली. सी भाषेपुरता उपाय २०१० च्या ४.५ या आवृत्तीत आला. सी प्लस प्लसकरिता तो २०२३ च्या १३ व्या आवृत्तीत आला. तेवीस वर्षांचा हा वाद एका क्रमांकाखाली आजही वाचता येतो. सरकारी नस्तीतही वरिष्ठाचे मत भिन्न पडले म्हणून कनिष्ठाची टिपणी फाडून टाकीत नाहीत.

हे सारे येथे कशासाठी? तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे तेराशेहून अधिक रुमाल आहेत. त्यांची काळजी वाहणारी संस्था आहे. परंतु आपल्या घरांतील खरेदीखते, पत्रे आणि हिशेब यांना वाली कोण? तरुण मंडळी त्यांची छायाचित्रे दूरध्वनीवर घेतात, हे स्तुत्य आहे. पण यंत्राने दिलेला निरर्थक आकडा हेच त्या चित्राचे नाव राहते. मोडी वाचणारे वडीलधारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. कोणाचे पत्र, कोणत्या सालचे, हे सांगणारा उरला नाही म्हणजे ते चित्र असून नसल्यासारखेच.

यास्तव आमची मंडळास दोन विषयांची विनंती आहे. प्रत्येक चित्राच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे कागदाचा प्रकार व लिपी, हा एकच क्रम सर्वांनी पाळावा. वर्ष आधी असल्याने कागद आपोआप कालानुक्रमे लागतात. आणि मंडळाने एक शंकावही घालावी. न लागलेल्या प्रत्येक शब्दास तीत क्रमांक द्यावा. ज्यास जे वाटेल ते त्याने आपल्या नावानिशी खाली लिहावे. आधीचे मत कोणी खोडू नये. पंधरा वर्षांनी एखादी नात त्या क्रमांकापाशी येईल आणि आपल्या आजोबांनी जी शंका सोडविली नव्हती ती सोडवील. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांचा आरंभ या वहीच्या पहिल्या पानाने व्हावा, एवढे इच्छून आम्ही आपली रजा घेतो.