बांधापलीकडची घाणेरी



आपल्यापैकी अनेकांची नावे आजही गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत आणि आपण मात्र शहरात स्थायिक झालो आहोत. माझेही तसेच. सह्याद्रीच्या पायथ्याशी आमची अडीच एकर वरकस जमीन आहे. वडिलांच्या पश्चात बारा वर्षे मी तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा शेजारचे वृद्ध काका बांधावर भेटले. ते एवढेच म्हणाले, "जमीन तुमची, पण तिच्यातलं रान माझ्या शेतात उतरतंय." मी खजील झालो.

ते रान घाणेरीचे होते. कुणी तिला टणटणी म्हणतात. मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. बुलबुल, साळुंक्या तिची फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. तिच्या जाळीत गवत तग धरत नाही, रानडुकरांना मात्र आसरा मिळतो. तिचा पाला पोटात गेला की गुरांचे यकृत बिघडते व उन्हाने कातडी सोलवटते. गवत गेलेल्या रानात भुकेले जनावर तिलाच तोंड लावते, ही खरी भीती.

कायद्याने हे थांबेल काय? कूर्गमध्ये १९१४ सालीच उपद्रवी तणांविरुद्ध कायदा झाला आणि घाणेरी काढण्याची जबाबदारी जमीनमालकावर आली. तरीही त्या प्रदेशातील जंगलांत ती आज माजलेली आहे. कारण एकाने काढावी आणि शेजाऱ्याने वाढू द्यावी, तर श्रम वाया जातात.

म्हणून पहिले काम नोंदीचे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती अपेक्षित आहे. आपल्या गट क्रमांकात घाणेरी कोठे व किती आहे, हे मालकाने स्वतः तिला लेखी कळवावे. शेजाऱ्याने कळवले, तर ती चहाडी समजू नये.

दुसरे काम निर्मूलनाचे. नुसती छाटली वा पेटवली, तर ती पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली रीत सोपी आहे. फळे पिकण्यापूर्वी मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. पुढील दोन-तीन पावसाळे उगवणारी रोपटी उपटावीत. मोकळ्या जागी मारवेलसारखे गवत लावावे, बांधावर करवंद वा निरगुडी.

गेली दोन वर्षे मी पावसाळ्यात गावी जातो. काकांचा मुलगा मजुरांसोबत राबतो, मजुरी मी देतो. अर्धा एकर मोकळा झाला आहे, दोन एकर बाकी आहे. यंदा तेथे गवत उगवले आणि काकांची गाय चरली.

आपणही एकदा आपल्या बांधावर जाऊन उभे राहावे, एवढीच प्रार्थना.