टेबलावर ठेवलं, म्हणजे नक्की काय केलं?

मुंबईच्या कचेरीतून अमेरिकेला ईमेल जातो: ‘लेट अस टेबल धिस प्रपोजल.’ आपल्या मनात अर्थ असतो, प्रस्ताव चर्चेला घेऊ. तिकडे वाचणारा फाईल बाजूला सारतो, कारण अमेरिकी इंग्रजीत ‘टेबल’ करणं म्हणजे तूर्त लांबणीवर टाकणं! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे दोघांना हवं होतं एकच! आपलं वळण ब्रिटिश. विधानसभेत कागदपत्रं ‘पटलावर ठेवतात’, ती सदस्यांपुढे यावीत म्हणून. परदेशी लिहिताना मला तरी हा शब्द टाळलेलाच बरा वाटतो. सरळ ‘डिस्कस’ किंवा ‘पोस्टपोन’ लिहा, आणि पुढे तारीख घाला.