सूचना कोणाच्या दारी?

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संगणक आणि डावी चळवळ यांची पहिली भेट प्रेमाची नव्हती. आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर १९६० च्या दशकात कर्मचारी संघटनांनी त्याला कडवा विरोध केला. बँकांमध्ये हाच प्रश्न १९८३ च्या करारापर्यंत धुमसत राहिला. त्या विरोधामागे नोकऱ्यांची चिंता होती आणि ती अनाठायी नव्हती. परंतु एवढ्या वादंगात एक प्रश्न बहुधा मागेच राहिला. यंत्र येईल तेव्हा येवो, पण त्याने काय करावे हे सांगणारी जी आज्ञावली, तिची मालकी कोणाची? गिरणीत साचा अडला तर फिटर तो खोलून पाहत असे. संगणकाची आज्ञावली मात्र कुलूपबंद पेटीतून आली. पेटी उघडण्याची मुभा नाही, दुरुस्त करण्याची नाही, शेजाऱ्याला देण्याची तर नाहीच. वापरणाऱ्याने पैसे भरावेत आणि गप्प बसावे, असा तो व्यवहार.

या व्यवहाराला पर्याय म्हणून जी मुक्त आज्ञावली जगभर उभी राहिली तिचे सर्वांत परिचित नाव लिनक्स. आजचा विषय तिचा इतिहास नाही. सामान्य माणसाच्या टेबलावरील संगणकावर ही प्रणाली अधिक सोयीची व्हावी म्हणून वापरणाऱ्यांनी ज्या सूचना करायच्या, त्या कशा केल्या जातात, कोण ऐकतो आणि कोण ऐकत नाही, एवढाच विषय आहे. नवी मुंबईत तो बोलण्याला विशेष औचित्य आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकेकाळी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, तेथे आज माहितीची प्रचंड गोदामे उभी आहेत. त्या गोदामांतील यंत्रे बव्हंशी लिनक्सवरच चालतात. म्हणजे भांडवलाने लिनक्स केव्हाच आपलेसे केले आहे. त्याच रस्त्यावरच्या शाळेत, पतपेढीत, संघटनेच्या कचेरीत मात्र ते क्वचितच दिसते. जी वस्तू सर्वांच्या मालकीची, ती धनिकांच्या घरात राबते आणि गरिबांना तिची ओळखही नाही, हा प्रकार या देशात नवा नाही.

या चळवळीचा उगमच एका तक्रारीत आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तंत्रज्ञ काम करीत होता. प्रयोगशाळेतील प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडके. कागद अडकला की सर्वांना तसा निरोप जावा, एवढी साधी सुधारणा त्याला करायची होती. त्यासाठी लागणारा आज्ञावलीचा मूळ मसुदा त्याला नाकारण्यात आला. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण करीत असलेल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली. ती वार्ताही प्रश्नाच्या रूपात होती: मिनिक्स या तेव्हाच्या प्रणालीत लोकांना काय आवडते, काय खटकते, नव्या प्रणालीत काय हवे? सूचनांचे स्वागत आहे, पण त्या अमलात येतीलच असे वचन नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकले. इतका प्रामाणिकपणा मंत्रालयातून येणाऱ्या उत्तरांत आढळत नाही.

कार्यकर्त्याला निवेदन ठाऊक असते. निवेदन लिहायचे, तहसीलदाराच्या हाती द्यायचे, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा आणि वाट पाहायची. पुढे त्या कागदाचे काय झाले हे कळायला माहितीच्या अधिकाराचा कायदा यावा लागला. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात सूचनेची रीत निराळी आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, ती सर्वांना वाचता येते, तिच्यावर कोण काय म्हणाले तेही उघड राहते. डेबियन या प्रणालीच्या मंडळींनी १९९७ मध्ये आपला सामाजिक करार प्रसिद्ध केला, त्यात दोष लपवणार नाही आणि तक्रारींची वही सदैव जनतेसाठी उघडी राहील, असे लिहून दिले. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हे कोणत्याही नगरपालिकेच्या आवकजावक विभागात जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको.

आता घरचे उदाहरण. खारघर स्थानकासमोर आज सी-डॅकचे जे केंद्र आहे ते पूर्वी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., या संस्थेचे होते. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिपी नीट उमटावी यासाठी या संस्थेने शतकाच्या आरंभी 'इंडिक्स' हा प्रकल्प केला. त्याच संस्थेशी सुलेखनकार र. कृ. जोशी जोडलेले होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचाच, आणि कोणालाही फुकट वापरता व सुधारता येईल असा 'रघू' हा टंकही त्यांचाच. एकाच हाताचे एक अक्षर कुलपात गेले आणि एक चव्हाट्यावर आले!

मराठी माणसाच्या सूचना येथून सुरू झाल्या, आणि त्या केवळ सौंदर्याच्या नव्हत्या. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत जो फरक आहे तो त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र-मुळे आहे. तो र पडद्यावर उमटला नाही तर लग्नाच्या पत्रिकेत स्वयंपाक्याऐवजी विद्वान येतात. दऱ्यांचा दर्या होतो. हिंदीला या अक्षराची गरज नाही. म्हणून ज्यांनी देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरले त्यांना त्याची आठवणही झाली नाही. कोणीतरी मराठी वापरणाऱ्याने ते दाखवून द्यावे लागले. तीच गत ल आणि श यांच्या मराठी वळणांची; संगणकावर प्रथम आलेल्या बहुतेक टंकांत ही अक्षरे उत्तरेकडच्या वळणाची होती. 'ॲ' या अक्षराला तर जागतिक युनिकोड संहितेत २००८ पर्यंत स्वतंत्र स्थानच नव्हते; ॲसिड किंवा ॲम्ब्युलन्स लिहायला अ, चंद्र आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशी कसरत करावी लागे. २००८ मध्ये ते स्थान मिळाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला ठरवून दिली, ती त्यानंतर. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या तंत्रज्ञांनी 'लोहित' नावाचे मुक्त टंक सांभाळले, त्यांत मराठी वळणांची सोय झाली. आज मराठी वाचक पडद्यावर आपले ल आणि श पाहतो तेव्हा ते कोणाच्या तरी चिकाटीने केलेल्या तक्रारीचे फळ आहे, याची त्याला कल्पना नसते.

सरकारनेही प्रयत्न केले नाहीत असे नाही. चेन्नईच्या सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनच्या पायावर 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली काढली, तिच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सुरक्षेच्या कारणास्तव 'माया' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणल्याचे वृत्त आले. पण धोरण एक आणि टेबल एक. कारकुनाला संगणक दिला, त्यावर नवी प्रणाली बसवली, आणि अडचण आली तर सांगायचे कोणाला हे सांगितले नाही, तर तो आठवड्याभरात जुन्या प्रणालीची मागणी करतो. त्यात त्याचा दोष नाही.

केरळात हे निराळ्या रीतीने घडले. तेथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा संगणकाचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती बांधलेला होता. शिक्षक संघटनेने त्याला हरकत घेतली. संगणकाला नव्हे, तर मक्तेदारीला. मग शिक्षकच शिकले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले. वर्गात जे अडे ते कळवणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यातले अंतर कमी झाले. आज 'काइट' ही तेथील सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करते. महाराष्ट्रात त्याच २००१ साली एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम सुरू झाला. लाखो तरुणांना त्याने संगणकाची ओळख करून दिली हे मान्य केले पाहिजे; पण ती ओळख प्रामुख्याने विंडोजची होती. एकाच वर्षी दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या.

आता अवघड प्रश्न. सूचना ऐकून घेणे आणि निर्णयात वाटा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय आवृत्ती. २०१० मध्ये तिच्या चालकांनी खिडकी बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे नेली. वापरणाऱ्यांनी गदारोळ केला तेव्हा उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी रोखठोक सांगितले की ही लोकशाही नव्हे. आराखड्याचे निर्णय आराखडा करणारेच घेतील. वापरणाऱ्यांनी सूचना मांडून मते द्यावीत यासाठी उबुंटूनेच २००८ मध्ये एक व्यासपीठ उघडले होते, तेही २०१३ मध्ये बंद झाले. सिडकोच्या नगरीत राहणाऱ्यांना हा स्वर ओळखीचा वाटेल. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर आराखडा आखला गेला, आणि ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचे म्हणणे ऐकले जाण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जणांना प्राण द्यावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे सूत्र त्यानंतरचे. बटणांची तुलना हुतात्म्यांशी करणे अर्थातच हास्यास्पद होईल. तुलना आहे ती एवढीच की आराखडा करणाऱ्याला नेहमी वाटते, राहणाऱ्याला काय कळते.

फरक मात्र मोठा आहे, आणि तो परवान्यात आहे. मुक्त आज्ञावलीत ज्याचे म्हणणे ऐकले गेले नाही तो मूळ मसुदा घेऊन वेगळी चूल मांडू शकतो. २०११ मध्ये 'ग्नोम' या पडदा-रचनेने आपले रूप आमूलाग्र बदलले तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुने रूप उचलून 'माटे' या नावाने चालू ठेवले. ते आजही चालू आहे. जमिनीच्या बाबतीत असा हक्क कोणत्याही शेतकऱ्याला नव्हता. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांना २००० मध्ये लिनक्समध्ये साम्यवादाची लक्षणे दिसली होती, ती बहुधा याच हक्कामुळे. २०१६ मध्ये त्यांचीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. भांडवलदाराचे वैर फायद्याच्या आड येत नाही.

म्हणून या चळवळीला समाजवाद समजण्याची घाई नको. लिनक्सच्या गाभ्याचे बहुतांश काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात. कंपन्यांना माहितीगोदामातील दोष तातडीचे वाटतात. पतपेढीतल्या कारकुनाचा दोष वर्षानुवर्षे क्रमांक मिळवून पडून राहतो. शिवाय तक्रारवही उघडी असली तरी तिची भाषा इंग्रजी आहे. जो मराठीतच लिहू शकतो त्याच्यासाठी उघडे दारही बंदच. म्युनिक शहराचे उदाहरण तर समाजवाद्यांनी विसरूच नये. तेथे सोशल डेमोक्रॅट महापौर क्रिस्टियान उडे यांच्या कारकिर्दीत पालिकेचे हजारो संगणक लिनक्सवर आणले गेले; २०१७ मध्ये पालिकेने परत विंडोजकडे वळण्याचे ठरवले, तेव्हा महापौरही त्याच पक्षाचे होते. कर्मचाऱ्यांच्या कुरबुरींचा त्यात मोठा वाटा होता की राजकारणाचा, यावर अजून वाद आहे. कुरबुरी होत्या, हे मात्र खरे.

नवी मुंबईच्या कार्यकर्त्याने कोणत्या सूचना कराव्यात? उदाहरणे शोधायला लांब जायला नको. संघटनेची पंचवीस वर्षांची पत्रके, ठराव, अहवाल श्री-लिपीसारख्या जुन्या टंकांत अडकलेले आहेत. लिनक्सवर ते उघडले तर पडद्यावर अक्षरांची रद्दी दिसते. ही रद्दी एका कळीसरशी युनिकोड मराठीत यावी, अशी सोय प्रणालीतच असली पाहिजे. सभासदांची यादी अकारविल्हे लावली तर क्षीरसागर कांबळ्यांच्या शेजारी येऊन बसतात. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी असतात, याची जाण काही आज्ञावलींना आहे, काहींना नाही. छोट्या कचेऱ्यांतील स्वस्त प्रिंटर हे तर कायमचे दुखणे. उत्पादक विंडोजपुरतीच सोय करून मोकळे होतात. आणि मराठी पडद्यावरची भाषा! कोणी 'संचिका' लिहितो, कोणी 'धारिका', आणि वापरणारा 'फाईल' शोधत बसतो. परिभाषा घडवणाऱ्यांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की लोकांच्या तोंडी बसलेला शब्द हुसकावून लावण्यात भाषेची सेवा नाही.

यांतील प्रत्येक गोष्ट सूचना म्हणून पाठवता येते, पण 'चालत नाही' एवढे लिहून उपयोग होत नाही. प्रणाली कोणती, आवृत्ती कोणती, काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, एवढे लिहावे आणि पडद्याचे चित्र जोडावे. इंग्रजी न येणाऱ्याने मराठीत लिहावे, महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण साथीने ते इंग्रजीत उतरवून पाठवावे आणि मिळालेला क्रमांक वहीत टिपून ठेवावा. निवेदनाचा पाठपुरावा करण्याची जी सवय कार्यकर्त्याच्या अंगी असते, ती तंत्रज्ञांत अभावानेच आढळते. येथे तीच कामाची आहे.

हे काम आताच हाती घेण्याचे कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. तिच्या जागी येणारी आवृत्ती जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणून शाळांतले, पतपेढ्यांतले धडधाकट संगणक निकामी ठरवले जात आहेत आणि भंगारवाल्याकडे निघाले आहेत. त्यांतील पुष्कळांवर लिनक्स नीट चालते. बेलापूरपासून ऐरोलीपर्यंत ज्या कचेऱ्यांत कार्यकर्त्यांची ऊठबस आहे, तेथे असे किती संगणक आहेत याची मोजदाद पुढच्या बैठकीपर्यंत करून आणावी. त्यांपैकी दोन-तीन तरी भंगारात जाण्याआधी मागून घ्यावेत, आणि पहिली तक्रार त्यांच्यावर बसून लिहावी.